बायकांचं पिस्तूल

डेन्झिल प्रुइटच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात, अगदी खालच्या फळीवर, गुलाबी, जांभळी आणि आकाशी पिस्तुलं मांडलेली असतात. तळहातात मावतील एवढी. शेजारी त्याच रंगाच्या पर्सा, आत पिस्तूल ठेवायला चोरकप्पा. वर डेन्झिलच्या बायकोच्या गोलगोल अक्षरातली पाटी : 'खास तुमच्यासाठी, बाईसाहेब!' ती पाटी आठवली की माझी अजूनही तळपायाची आग मस्तकात जाते. का, ते सांगायचं तर मला वेल्डा स्टॅम्परबद्दल सांगायला हवं.

मी बर्निस. त्याच दुकानाच्या दुसऱ्या टोकाला मी अकरा वर्षं मासेमारीचं सामान विकलं. गळ, दोरे, फ्रिजमध्ये ठेवलेली जिवंत गांडुळं. गांडुळं विकणाऱ्या बाईला 'तुला यातलं काय कळतं' असं कुणी विचारत नाही, म्हणून माझं बरं चाललं होतं. वेल्डा बंदुकांच्या बाजूला उभी राहायची. तिला ते दिवसातून चारदा ऐकावं लागायचं.

त्याआधी वेल्डानं एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवली. आमच्या क्रेन्स फोर्क गावचे रस्ते म्हणजे एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला ओढा, आणि वळणावर समोरून कोळशाचा ट्रक. एवढ्या वर्षांत तिच्या बसला ओरखडाही पडला नाही. गावातला पंचेचाळिशीच्या आतला प्रत्येक माणूस तिच्या बसमध्ये बसलेला आहे. ती कधी मागे वळून ओरडायची नाही. आरशात बघायची आणि फक्त नाव घ्यायची. "रॉनी, पाय खाली." बस. तो रॉनी आता कोर्टात न्यायाधीश आहे, पण वेल्डा समोर आली की तोंडातलं च्युइंगगम गिळून टाकतो.

तिचा नवरा ओकी खाणीत होता. कोळशाच्या धुळीनं त्याची छाती भरली आणि दोन वर्षं खाटेवर काढून तो गेला. घरात राहिल्या त्याच्या दुखण्यावरच्या गोळ्या. आमच्याकडे असल्या गोळ्या घरात आहेत हे कळलं की लोक नशेसाठी कुलूप फोडून येतात. म्हणून वेल्डा दुकानात आली आणि म्हणाली, "डेन्झिल, मला एक पिस्तूल दे."

डेन्झिलही तिच्याच बसमधला, आणि आमच्याकडे थोरल्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मानानं 'मिस' म्हणतात. त्यानं हसत हसत खालची फळी उघडली आणि गुलाबी पिस्तूल पुढे केलं.

"मिस वेल्डा, हे बघा. हलकं, नाजूक. छोट्या हाताला छोटं पिस्तूल."

एकोणतीस वर्षं बसचं चाक फिरवलेले ते हात. छोटे कुठले? पण त्यानं हातांकडे बघितलंच नव्हतं. बाई आली की खालची फळी उघडायची, एवढंच त्याला बापानं शिकवलेलं.

आता यातली गोम ऐका. या पिस्तुलांच्या वरच्या भागाला स्लाइड म्हणतात. ती मागे ओढून सोडली की पहिली गोळी नळीत जाते. ओढलीच नाही तर पिस्तूल म्हणजे नुसता ठोकळा. आणि पिस्तूल जितकं लहान, तितकी त्याची स्प्रिंग ताठ. शिवाय बोटं धरायला जागा नाही. आणि हलकं असल्यानं उडवल्यावर हाताला झटका बसतो तो वेगळाच. म्हणजे जे वापरायला सगळ्यात अवघड, तेच रंग लावून बायकांच्या गळ्यात मारायचं. हे डेन्झिलला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यानं कधी विचार केला नव्हता, आणि ते मला जास्त संतापजनक वाटतं.

सहा महिन्यांनी वेल्डा परत आली. "पिस्तूल चोरीला गेलं," एवढंच म्हणाली. या खेपेला तिनं डेन्झिलला बाजूला उभं केलं आणि अख्खी दुपार कपाटातली अकरा पिस्तुलं एकेक करून ओढून बघितली. तिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा तेव्हापासूनच सुजलेला असायचा. शेवटी एक काळं, चौकोनी, दिसायला कुरूप पिस्तूल निवडलं. जरा जड, पण कमरेला लावून वरून सदरा सोडला तर दिसत नसे. आठवड्यानं येऊन म्हणाली, "मला इथे काम दे." डेन्झिल खूश झाला. गल्ल्यापाशी बाई असली की बायका येतात, असा त्याचा हिशेब.

बायका आल्या. पण वेल्डा खालची फळी उघडायचीच नाही. आधी हात दाखवायला सांगायची, मग रिकामं पिस्तूल पुढे ठेवायची आणि म्हणायची, "ओढून दाखव."

एकदा एक बाई नवऱ्याबरोबर आली होती. तिला ओढता येईना. नवरा म्हणाला, "जाऊ द्या हो मॅम, मी आहे ना ओढून द्यायला."

"मग पिस्तूल तुम्हीच घ्या," वेल्डा म्हणाली, "आणि चोवीस तास हिच्या पर्समध्ये जाऊन बसा."

ती बाई इतकी हसली की नवऱ्यानं बाहेर जाऊन गाडी सुरू केली. डेन्झिलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण बोलणार काय? बसचा आरसा त्याच्याही डोक्यात होताच.

मग ज्यूनेल फ्यूगेटचं प्रकरण झालं.

ज्यूनेल चौतीस वर्षांची, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करणारी, बारीक अंगाची. तिच्या आधीच्या नवऱ्यानं, कर्टनं, तिचा जबडा मोडला होता. त्यासाठी तो तुरुंगात होता आणि त्या महिन्यातल्या एका गुरुवारी सुटणार होता. सुटल्यावर पहिल्यांदा कुणाकडे जाणार हे त्यानं चार जणांना सांगून ठेवलेलं. कोर्टानं ज्यूनेलला मनाईहुकुमाचा कागद दिला होता. पण तिचं घर म्हणजे डोंगराच्या बेचक्यातला एक ट्रेलर, चाकांवरचं पत्र्याचं घर. अख्ख्या परगण्याला शेरीफचे दोन पोलीस शिपाई, आणि त्यांना तिथे पोचायला चाळीस मिनिटं लागतात. चाळीस मिनिटांत काय काय होतं हे तिच्या जबड्याला माहीत होतं.

ती दुकानात आली तेव्हा वेल्डा दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. डेन्झिलनं खालची फळी उघडली. जांभळं पिस्तूल, जांभळी पर्स. वर म्हणाला, "शनिवारी परवान्याचा वर्ग आहे. ये, दुपारपर्यंत पास करून देतो." मी हे सगळं गांडुळांच्या फ्रिजपाशी उभी राहून ऐकलं आणि तोंड उघडलं नाही. डेन्झिलवर मी रागावते, पण त्या दिवशी माझ्या तोंडाला कुलूप कुणी लावलं होतं? मीच.

तेव्हा आमच्याकडे पिस्तूल कपड्याआड ठेवायला परवाना लागायचा, आणि परवान्यासाठी एक दिवसाचा वर्ग. सकाळी कायदा, मग दुकानामागे जुन्या खाणीनं कापलेल्या सपाटीवर वीस गोळ्या. अकरा निशाण्याच्या कागदाला लागल्या की पास. मग साडेबाराला डेन्झिलची बायको बीन्स आणि मक्याचा पाव घेऊन यायची. सगळं त्या बीन्सच्या वेळेवर बेतलेलं. म्हणून डेन्झिलची एक रीत होती. गोळीबाराला बायका रांगेत उभ्या राहिल्या की तो एका टोकाकडून चालत यायचा आणि प्रत्येकीच्या पिस्तुलाची स्लाइड आपल्या हातानं ओढून द्यायचा. खट, खट, खट. बायका गोड हसून "थँक्यू" म्हणायच्या, चाप ओढायच्या आणि पास व्हायच्या. वर्षानुवर्षं. परवाना बाईचा आणि हात डेन्झिलचा.

त्या शनिवारी सहा बायका होत्या. वेल्डा गोळीबाराच्या आवाजासाठी कानावर लावायची टोपणं वाटत होती. ज्यूनेलपाशी आली, जांभळं पिस्तूल बघितलं आणि थांबली. तोवर डेन्झिल खट खट करत तिथवर पोचला आणि त्यानं हात पुढे केला. वेल्डानं आपला हात मध्ये घातला.

"तिचं तिला ओढू दे."

"मिस वेल्डा, बीन्स गार होतील."

"होऊ देत."

ज्यूनेलनं चिमटीत धरून ओढलं. स्लाइड नखभर हलली आणि परत जागेवर. पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा तिचं नखच तुटलं. बाकीच्या पाच जणी बघत होत्या. ज्यूनेलच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मिस वेल्डा, ओढून देऊ द्या ना त्यांना. मला कागद हवाय. गुरुवारी सुटतोय तो."

"कागद कर्टला वाचून दाखवणार आहेस का?"

"सुरुवातीला सगळ्यांचंच घट्ट असतं," डेन्झिल म्हणाला. "मी तिला भरून, ओढून देईन. तिनं फक्त पर्समध्ये ठेवायचं."

"आणि गोळी अडकली तर? कर्टला म्हणेल, जरा थांब, डेन्झिलला फोन करते?"

डेन्झिलचा चेहरा लाल झाला. "उगाच घाबरवू नका बाईला. तुम्हीही असल्याच पिस्तुलावर पास झालात. मीच ओढून दिलं होतं, विसरलात?"

वेल्डानं हातातली टोपणं खाली ठेवली. मला वाटलं आता ही ओरडणार. ती ओरडली नाही.

"नाही विसरले," ती म्हणाली. "तुम्हाला सगळ्यांना वाटतं, माझं पिस्तूल कुणीतरी गाडीतून चोरलं. ते माझ्या हातातून गेलं. स्वयंपाकघरात. दुपारी दोन वाजता मागचं दार लाथेनं उघडून एक पोरगा आत आला, ओकीच्या गोळ्यांसाठी. मी ओळखलं त्याला. आठ वर्षं माझ्या बसमध्ये डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसायचा. चांगल्या वळणाचा होता, उतरताना रोज थँक्यू म्हणायचा. मी पिस्तूल काढलं आणि ओढायला लागले. ओढतेय, ओढतेय, आणि ते हलत नाही. तो बघत उभा. मग पुढे आला आणि म्हणाला, 'मिस वेल्डा, द्या इकडे, मी ओढून देतो.' आणि मी दिलं."

डेन्झिल खाली बघत होता.

"मी दिलं, ज्यूनेल. सवय झाली होती ना, कुणीतरी ओढून द्यायची. त्यानं एका झटक्यात ओढलं. 'असं करायचं, मॅम,' म्हणाला. पिस्तूल खिशात घातलं, ओकीच्या गोळ्या घेतल्या आणि जाताना मागे दार लोटून गेला. मी शेरीफला सांगितलं चेहरा दिसला नाही. लाज वाटली मला. लाज खरं म्हणजे कुणाला वाटायला हवी होती, ते मला नंतर कळलं."

मग तिनं कमरेचं काळं पिस्तूल काढलं, रिकामं केलं आणि ज्यूनेलच्या हातात ठेवलं.

"चिमटीत धरून ओढू नकोस. नळी समोरच ठेव, हात छातीजवळ घे. वरचा भाग डाव्या हाताच्या अख्ख्या मुठीत पकड. आता उजव्या हातानं खालचा भाग पुढे ढकल. खण अडकला की ढकलतेस ना, तस्सं."

खट.

ज्यूनेलनं मान वर करून बघितलं. पुन्हा केलं. खट. मग भरून, स्वतः ओढून, तिनं वीस गोळ्या मारल्या. सोळा लागल्या.

बाकीच्या पाच जणींपैकी दोघी म्हणाल्या, "आम्हीही ओढून बघतो." डेन्झिल म्हणाला, "नंतर, नंतर," आणि भराभरा पुढे गेला. पाचही जणी पास झाल्या. पाचही जणींनी बीन्स खाल्ले. मीही खाल्ले.

जेवण झाल्यावर ज्यूनेल जांभळं पिस्तूल परत करायला गेली. विकलेलं पिस्तूल परत घेत नाही, असं डेन्झिलनं भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवून सांगितलं. वेल्डाला म्हणाला, "सोमवारपासून येऊ नका." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिच्याशी बोलताना नजर चुकवली नाही, आणि तेवढ्यासाठी त्यानं नेमका हाच दिवस निवडला. वेल्डानं आपला जेवणाचा डबा उचलला. मग बाहेर तिच्या ट्रकमागे ती आणि ज्यूनेल बराच वेळ बोलत होत्या. शेवटी त्यांनी हात मिळवले. काळं पिस्तूल ज्यूनेलबरोबर गेलं. वेल्डाकडे घरी दुसरं असेलच, असं मी धरून चालले.

गुरुवारी कर्ट सुटला. तो आला शनिवारी, भर दुपारी. अंगणाच्या टोकाला टपालपेटीपाशी उभा राहिला आणि तिथून तिला सांगायला लागला की तो काय काय करणार आहे. ज्यूनेलनं शेरीफला फोन लावला, दारात आली आणि त्याच्या देखत पिस्तूल भरून, ओढून, खाली जमिनीकडे धरून उभी राहिली. तो दोन पावलं पुढे आला. तिनं हात उचलला. तो थांबला. मग शिव्या देत परत टपालपेटीपाशी गेला. अडतीस मिनिटं असं चाललं. ओव्हनच्या घड्याळात बघत होती म्हणाली. मग शिपाई आला आणि कोर्टाचा हुकूम मोडला म्हणून त्याला घेऊन गेला. गोळी एकही उडाली नाही. ज्यूनेल सोमवारी कामावर गेली आणि तिनं म्हाताऱ्यांसाठी ऐंशी पॅनकेक केले.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी एवढी चिडून लिहायला बसले नसते.

त्याच सोमवारी मी दुकानात आले तर कपाटावर ज्यूनेलचा निशाण्याचा कागद लटकलेला. तिच्या त्या सोळा भोकांचा. चारी बाजूंनी जांभळी रिबन, आणि खाली गोलगोल अक्षरं : 'ज्यूनेलनं करून दाखवलं, तुम्हीही दाखवा!' आणि बरोबर त्याच्याखाली जांभळ्या पिस्तुलांची रांग. दुपारपर्यंत त्यातली दोन विकली गेली. एक घेणारी तर एकोणीस वर्षांच्या नातीला घेऊन आलेली आजी. डेन्झिल सांगत होता, "याच मॉडेलचं आहे हो तिच्याकडे."

त्या दोघी दाराबाहेर पडेपर्यंत मी कशीबशी गप्प राहिले. मग माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी गांडुळांचा फ्रिज उघडा टाकून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"डेन्झिल, ती भोकं वेल्डाच्या पिस्तुलाची आहेत."

"मिस बर्निस, जांभळं पिस्तूल ज्यूनेलनं माझ्याकडून घेतलं की नाही?"

"घेतलं."

"कागद तिचा की नाही? नेम तिचा की नाही? मग मी खोटं काय लिहिलंय?"

"लाज वाटत नाही तुला? ज्या बाईला तू हाकललंस, तिच्या जिवावर तेच पिस्तूल विकतोस, जे—"

"तुम्ही तुमची गांडुळं बघा, मॅम," तो म्हणाला.

मी स्टुलावर चढले. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघे कुरकुरतात, तरी चढले. रिबनसकट कागद ओढून काढला, घडी करून सदऱ्याच्या खिशात घातला. "गांडुळं तूच बघ आता," म्हटलं. "गारठ्यात ठेव नाहीतर मरतात. त्यांनाही हाताळायला शिकावं लागतं." आणि निघाले ती थेट वेल्डाकडे. तिला कागद द्यायचा होता. तिचा होता तो, निदान निम्मा.

मागच्या दाराला नवी लाकडी पट्टी ठोकलेली दिसली, लाथेच्या जागी. दार उघडंच होतं. वेल्डा स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेली. गोळ्यांचं मॅगझिन काढून लांब ठेवलेलं. आणि तिच्या हातात जांभळं पिस्तूल.

"हे तुझ्याकडे कसं?"

"अदलाबदल केली. त्या दिवशीच, ट्रकमागे."

"अगं, पण तुझ्याकडे दुसरं आहे ना?"

"नाही."

मी मटकन खुर्चीवर बसले. "वेडी आहेस का तू? एकटी राहतेस. तो पोरगा अजून गावात मोकळा फिरतोय. टायरच्या दुकानात कामाला लागलाय, मी बघितलं त्याला. उसनं द्यायचं, अदलाबदल कशाला?"

"उसनं दिलं असतं तर ती चार दिवसांनी परत घेऊन आली असती. तसलीच आहे ती."

तिनं पिस्तूल छातीजवळ घेतलं, वरचा भाग मुठीत धरला आणि ढकललं. अंगठ्याचा सांधा पांढरा पडला. स्लाइड बोटभर सरकली, आणि सटकन परत आली. तळहाताच्या कडेला रक्ताची रेघ उमटली. टेबलावर आधीच जखमेवरच्या तीन वापरलेल्या पट्ट्या पडल्या होत्या. तिनं हात फडक्याला पुसला आणि पुन्हा मूठ आवळली. या खेपेला नखभरही सरकली नाही. मला बघवेना. डेन्झिलचा राग, त्या पोराचा राग, तिचाही राग, सगळं एकदम उसळलं. मी टेबलावरून हात पुढे केला.

"दे इकडे, मी—"

वेल्डानं मान वर केली नाही. खिडकीच्या काचेत मी दिसत होते, तिथे बघितलं.

"बर्निस, हात खाली."

मी हात खाली घेतला. ती पुन्हा ढकलायला लागली.